रिबेलोचा हात

दोष आन्सेल्म रिबेलोचा होता. दुसऱ्या कुणाचा नाही.

"डोक्यावर हात का ठेवलात, सर?"

ओजसने चपलाही काढल्या नव्हत्या. माझगावच्या त्या वरच्या खोलीत रिबेलो खिडकीपाशी बसून कडक पावाचा तुकडा चहात बुडवत होता.

"बस की."

"बसायला नाही आलो. काल भर कार्यक्रमात हात का ठेवलात?"

जॅझ वाजवणाऱ्यांत ही खूण सगळ्यांना कळते. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेक जण तेवढ्याच लांबीत, त्याच चालीच्या अंगाने, स्वतःचं काहीतरी वाजवतो. अशी एक लांबी म्हणजे एक फेरा. किती फेरे घ्यायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण म्होरक्याने आपल्या डोक्यावर तळवा ठेवला, की तुझं झालं. मूळ चालीवर परत ये.

काल रिबेलो बँडमध्ये नव्हताच. ऐकणाऱ्यांत होता, पहिल्या रांगेत. ओजस तिसऱ्या फेऱ्यात शिरला आणि म्हाताऱ्याचा हात डोक्यावर गेला. ज्याने ओजसला सॅक्सोफोन धरायला शिकवला, त्याचा हात.

ओजस एकदम थांबला. ऐन मध्ये. मूळ चालीवरही येता आलं नाही त्याला. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत राहिले.

बँड झरीनचा. ती ड्रम वाजवते आणि गोड बोलत नाही. "आज संध्याकाळी परत वाजव," ती सकाळी फोनवर म्हणाली. "परत असा मेलास, तर कोलकात्याच्या कार्यक्रमाला तुझ्या जागी दुसरा कोणीतरी येईल."

ओजसने इंजिनिअरिंग सोडलंय ते याच्यासाठी. घरी बाप त्याच्याशी बोलत नाही, ताट फक्त पुढे सरकवतो.

"तुझ्याकडचं संपलं होतं," रिबेलो म्हणाला. "मला ऐकू आलं, मॅन."

"मग?"

"मग पडला असतास."

"पडलो असतो! मी पडलो असतो. तुमचं काय जात होतं?"

रिबेलोने पावाचा दुसरा तुकडा मोडला.

म्हातारी माणसं हे फार सराईतपणे करतात. घाबरतात स्वतः आणि थांबवतात दुसऱ्याला. वर त्याला काळजी म्हणतात.

"तुम्ही काय करायचात तिसऱ्या फेऱ्यात? जवळचं सगळं संपल्यावर? आणि मुलाखतीतलं सांगू नका."

रेकॉर्डर घेऊन येणाऱ्यांसाठी रिबेलोच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. कुठल्या हॉटेलात सुरुवात झाली, बोटीवर वादळात कसं वाजवलं, सिनेमाच्या स्टुडिओत कोण कसं चिडायचं. आणि शेवटी एक वाक्य: जॅझमध्ये भिऊन चालत नाही. मासिकात छापून आलंय ते, फोटोखाली.

"वाजव," रिबेलो म्हणाला. "इथे. आत्ता."

ओजसने पेटीतून सॅक्सोफोन काढला. वाद्याच्या तोंडाची वेताची पत्ती ओली करायला जीभ लावली, तर जीभच कोरडी.

रिबेलोने कप खाली ठेवला. एकही स्वर आला नव्हता, तरी त्याने तळवा उचलून डोक्यावर ठेवला.

"हे काय?"

"वाजव."

"हात काढा आधी."

"हा इथेच राहणार. संध्याकाळी पण मी येणार, पुढे बसणार. नाही आलो तरी हा हात तुला दिसणारच आहे. वाजव."

ओजसने चाल वाजवली. पहिला फेरा बोटांना पाठ होता. दुसऱ्यात त्याने होतं नव्हतं ते सगळं काढलं. प्रत्येक वळण रिबेलोचं, रिबेलोकडून घेतलेलं. ते संपत आलं. अंधारात जिना उतरताना पुढची पायरी आहे की नाही, कळत नाही, तसं. कानात स्वतःच्या छातीचे ठोके, ड्रमपेक्षा मोठे.

त्याने हाताकडे पाहिलं.

पांढऱ्या केसांवर तो हात गच्च दाबलेला होता. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

ओजसला त्याच क्षणी पळून जायचं होतं. पळायला दार उघडंच होतं.

तो तिसऱ्या फेऱ्यात शिरला.

एक स्वर फाटला. मग काहीच आलं नाही, नुसती हवा. मग वाकडंतिकडं काहीतरी, त्याने कुणाकडून न ऐकलेलं, चांगलं की वाईट ते त्यालाही न कळणारं. खाली कुणीतरी दार आपटलं. तो वाजवत राहिला. शेवटी आपणहून मूळ चालीवर आला आणि थांबला.

हात अजून डोक्यावरच होता.

"काय होतं तिकडे?" रिबेलोने विचारलं.

"तुम्हाला माहीत असेल ना."

"सांग, बाबा."

"काही नव्हतं. कशाला धरू तेच कळेना. वाटलं, पुढचा श्वास येणारच नाही…"

"आला?"

"आला."

"भीती गेली?"

"नाही. वाढली."

रिबेलोने मान हलवली. हात हळूच मांडीवर आणला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"आमचा म्होरक्या होता, लिगोरी. दुसरा फेरा संपत आला की त्याचा हात डोक्यावर. मी वळून बघायचो. हात दिसला की सुटल्यासारखं वाटायचं. तो वारला. मग म्होरक्या मी."

"मग थांबवणारं कोण होतं तुम्हाला?"

"मीच."

"सर, सॅक्सोफोन वाजवताना दोन्ही हात अडकलेले असतात. डोक्यावर ठेवायला हात होता कुठे?"

"ठेवावा लागत नाही, पोरा."

खिडकीतून माणसांचा, गाड्यांचा आवाज येत होता. चहावर साय धरली होती.

"मग तिसऱ्या फेऱ्यात तुम्ही काय करायचात?" ओजसने परत विचारलं. आता तो ओरडत नव्हता.

"सगळा जन्म वाजवलं मी," रिबेलो म्हणाला. "तिसरा फेरा एकदाही नाही."