उठलेला बाजार

निवृत्त शिक्षकांच्या निधीचे अध्यक्ष रणनवरे सगळी शिल्लक शेअर बाजारात गुंतवण्याचा ठराव तिसऱ्यांदा मांडत होते. सदस्या यमुनाताई गोसावी यांनी थकल्या आवाजात तेच पुन्हा सांगितले, "साहेब, युद्धाने तेल महागले आहे आणि शेअरचे भाव कंपन्यांच्या कमाईच्या चाळीस पट आहेत. हा पैसा आमच्या औषधपाण्याचा आहे."

"ताई, तुम्ही भित्र्याच! जग बुडाले तरी बाजार बघा कसा उठला आहे!"

सभा हसली. यमुनाताईंनी चष्मा पुसला.

"मी तीस वर्षे मराठी शिकवले, साहेब. बाजार चढतो किंवा उतरतो. तो उठतो, तेव्हा दुकाने आवरून माणसे घरी गेलेली असतात."

अध्यक्षांनी मतदान पुकारले. ठरावासाठी एकही हात उठला नाही.