तांदळाची खांड

मोगरणे बेटावर होडीतून उतरलात की उजव्या हाताला खाडीकडेने एक लांबलचक मातीचा बांध दिसतो. बांधाच्या एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. मधोमध एके ठिकाणी हा बांध पोट सुटल्यासारखा फुगलेला आहे. त्या जागेला तांदळाची खांड म्हणतात; खांड म्हणजे बांधातलं खिंडार. बाहेरून आलेली माणसं विचारतात, की मातीच्या बांधाला तांदळाचं नाव कसं पडलं? तेव्हा इथली जाणती माणसं त्यांना सावलीला बसवतात आणि चिमाईची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी हे बेट म्हणजे एक चिमुकलं राज्यच होतं. रायाजी नाईक इथला राजा. बेटावर नारळ, मीठ आणि सुकी मासळी मुबलक; तांदूळ मात्र पलीकडच्या मोठ्या मुलखातून गलबतानं यायचा. पावसाळ्यात दर्या बंद झाला की साठवलेल्या तांदळावर दिवस काढायचे, आणि तो कधी पुरायचा नाही. अशाच एका पावसाळ्यात चिमाईची धाकटी लेक पेजेवाचून गेली, असं सांगतात.

चिमाई मिठागरात राबणारी विधवा बाई. मिठागरात बांध घालून खारं पाणी आत कोंडतात. ते बघूनच तिच्या मनात आलं, की पाणी आत कोंडता येतं तर बाहेर का नाही अडवता येणार? खाडीच्या कडेनं बांध घातला, पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन नेलं, तर आपलाच भात आपल्याच बेटावर होईल. तिनं नाईकांना सांगितलं. लोकांनाही पटलं. सगळे हौसेनं कामाला लागले.

पण मोगरण्याच्या लोकांची एक खोड होती. क्षितिजावर गलबताचं शीड दिसलं, की हातातली पाटी तिथेच टाकून सगळे बंदराकडे धावत सुटायचे. उशीर झाला तर वाट्याला कण्याच येतील ही भीती. मग तांदूळ उतरवून घ्यायचा, वाटून घ्यायचा, दोन दिवस पोटभर जेवून सुस्तावायचं. तोवर अमावास्येचं उधाण यायचं आणि अर्धवट बांध धुऊन न्यायचं. पुन्हा पहिल्यापासून माती.

"अरे, एक दिवस थांबा रे! एवढी खांड बुजवा आणि मग जा," चिमाई घसा फोडून सांगायची.

"तुझा बांध कुठे पळून जातोय, चिमाय? गलबत जाईल!" असं ओरडत लोक निघून जायचे.

किती वर्षं असं चाललं कोण जाणे. चिमाईला रडू यायचं बंद झालं होतं. आता नुसता संताप यायचा. बांध पुरा होईतो गलबताच्या तांदळाचा दाणा तोंडात घालणार नाही, असा तिनं नेम धरला. फणसाच्या आठळ्या आणि नाचणीची आंबील यांवर ती राहायची. लोक हसायचे. "चिमायचा वाटा कोंबड्यांना घाला," म्हणायचे.

मग एका वैशाखात बांध पुरा होत आला. एवढीशी खांड उरली. दुसऱ्या दिवशी उधाण, आणि नेमकं शीड दिसलं. वर्षातलं शेवटचं गलबत! पाट्या टाकून माणसं पळाली. उरल्या चिमाई, तिची जाऊ गोमी आणि काही बायका.

"आता?" गोमीनं विचारलं.

"घरी जा. चुली विझवा. मडकी नि निखारे घेऊन इथे या," चिमाई म्हणाली. "तांदूळ आणतील ना? बघू कशात शिजवतात ते."

दुसऱ्या दिवशी पुरुष गोणी घेऊन घरी आले, तर घरात ना मडकं, ना विस्तव. शिव्या घालत ते गोणींसकट बांधावर आले. तोवर भरती चढू लागली होती. खांडीत टाकलेली माती पाणी गिळून टाकत होतं. मागच्या प्रत्येक वर्षासारखंच हेही वर्ष जाणार, हे सगळ्यांना दिसलं.

तेव्हा चिमाईनं आपल्या वाट्याची गोण ओढत नेली आणि खांडीत लोटली.

"अगो, वेड लागलं काय तुला?" नाईक ओरडले. "पावसाळ्याचं अन्न आहे ते!"

"दर वर्षीच असतं, नाईक. आणि श्रावण लागायच्या आत संपतं."

गोमीनं नवऱ्याच्या पाठीवरची गोण खेचली आणि पाण्यात टाकली. मग बाकीच्या बायकांनी तेच केलं. कुणी रडलं, कुणी चिमाईच्या अंगावर धावून गेलं. सगळ्यांत शेवटी नाईकांची गोण पडली. पाणी पिऊन तांदूळ फुगला, गोणी एकमेकींत घट्ट रुतल्या आणि वरून टाकलेली माती टिकली. बांधानं उधाण अडवलं म्हणे.

तो पावसाळा लोकांनी कंदमुळं आणि मासळीवर काढला. चिमाईशी कुणी बोललं नाही. पहिलं पीक आलं ते जेमतेम बियाण्यापुरतं. पुढच्या वर्षी थोडं अधिक. आणि मग एका वर्षी पलीकडच्या राजानं भांडण काढून गलबतं बंद केली. त्या साली बेटावरची एकही चूल विझली नाही.

नाईकांनी नव्या भाताचं गावजेवण घातलं. चिमाईला मानानं पहिल्या पंगतीत बसवलं. पानावर वाफाळता भात पडला, तिच्या बेटाचा, तिच्या मातीचा. सगळे म्हणत होते, "काय बांध घातला आपण!"

"बांधाला खेकड्यांनी भोक पाडलंय," चिमाई म्हणाली. "आठवडाभर सांगतेय. कुणी बुजवलं?"

"उद्या बघू गो. आज जेव."

चिमाईनं एकवार भाताकडे पाहिलं. मग न जेवता ती पानावरून उठली, कोपऱ्यातली पाटी उचलली आणि बांधाकडे चालू लागली.

भरल्या पानावरून पाहुणा उठणं याहून मोठी नामुष्की यजमानाला नसते. नाईक उठले. त्यांच्यामागे पंगत उठली. नव्या लुगड्यांत, धुतल्या धोतरांत माणसं चिखल वाहू लागली. भोक बुजलं. मग सगळे परत येऊन गार भात जेवले, आणि चिमाईही जेवली.

आजही मोगरण्यात लग्न असो की बारसं, पानं वाढून झाली की पंगत उठते. नवरदेवापासून व्याह्यांपर्यंत प्रत्येक जण बांधावर पाटीभर माती टाकून येतो आणि गार झालेला भात जेवतो. नवे पाहुणे कुरकुर करतात, गावचे तर त्याहून जास्त करतात. पण उठतात सगळे.