धोका नाही

एकदा एका जलविज्ञान संस्थेत नरहरपंत नावाचे वयोवृद्ध अभियंते आपल्या शिष्येचे काम पाहायला आले. शर्वाणी तिचे नाव. धरणाचे दरवाजे केव्हा उघडावेत हे सांगणारी संगणकप्रणाली तिने दोन वर्षे खपून सिद्ध केली होती. दुसऱ्याच दिवशी ती धरणावर बसवायची होती.

तिची प्रणाली टेबलावरच्या नव्या संगणकावर चालू होती. शेजारी, पंतांनी तरुणपणी याच कामासाठी उभारलेला, कपाटाएवढा मिनीकॉम्प्युटर घरघरत होता. सकाळपासून दोन्ही यंत्रांना नदीची तीच मोजमापे मिळत होती. कपाट मिनिटाला आकड्यांची एक ओळ छापी. तेवढ्यात नवा संगणक साऱ्या खोऱ्याचा रंगीत नकाशा काढून मोकळा होई.

“सर, हे कपाट आता भंगारात द्यायला हरकत नाही,” शर्वाणी हसून म्हणाली.

पंत उठून भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. दोन्ही यंत्रे बंद पडली.

“सर! अहो, काय केलंत हे!”

पंतांनी वीज पुन्हा चालू केली. कपाट गुरगुरले आणि थांबले होते त्याच्या पुढचीच ओळ छापू लागले. पाण्याची पातळी चढतीच होती. मग टेबलावरचा पडदा उजळला. त्यावर हिरवी, सुबक अक्षरे उमटली : ‘येणारे पाणी शून्य. धोका नाही.’

शर्वाणी पडद्याकडे झुकली. सकाळपासूनची सगळी मोजमापे पुसली गेली होती, आणि रिकाम्या जागी शून्य धरून तिचे यंत्र निर्धास्तपणे खोटे बोलत होते. धरणाखाली अकरा गावे होती.

“मी… मी बॅटरी जोडते, सर.”

“जोड. तीही एक दिवस दगा देईल.” पंत तिच्याजवळ बसले. “अगं, जुनं तेवढं चांगलं, असं मी म्हणत नाही. या कपाटाला नकाशा येत नाही, आणि ते बिघडलं तर दुरुस्त करणारा मी एकटा उरलोय. पण आमच्या वेळी वीज दिवसातून चारदा जायची. म्हणून याची स्मृती बारीक चुंबकी कड्यांची केली. वीज गेली तरी आकडा धरून ठेवणारी. तुझं यंत्र हजारपटीनं समर्थ. त्याला हे शिकवणं अर्ध्या दिवसाचं काम. पण ते बंद पडेल, असं तुझ्या मनातच आलं नाही. आणि ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणायलाही तू त्याला शिकवलं नाहीस.”

शर्वाणीने ती हिरवी अक्षरे पुन्हा एकदा वाचली. मग तिने धरणावर फोन लावला. “उद्या येत नाही,” ती म्हणाली. “माझ्या कामात चूक आहे.”

आपले साधन काय काय करू शकते, हे आपण कौतुकाने विचारतो. त्याला काहीच ठाऊक नसेल तेव्हा ते काय सांगेल, हेही विचारून ठेवावे.