बांधातल्या पाच कांबी

डोंगराखाली एक गाव होतं आणि गावाच्या अगदी डोक्यावर, कुठल्याशा जुन्या राजाने बांधलेलं दगडी बांधाचं तळं. त्या गावात एक नाणेवेडा राहायचा. त्याच्याकडे लांब दांड्याचं एक यंत्र होतं. जमिनीत धातू असला की ते शीळ घालायचं. पडका किल्ला, देवळाचं आवार, जुनी बाग, कुठेही हा जायचा, शीळ ऐकायचा, खणायचा, नाणं खिशात टाकायचा आणि खड्डा तसाच सोडून चालू लागायचा.

एका दुपारी तो तळ्याच्या बांधावर गेला. यंत्राने शीळ घातली. दोन पावलांवर पुन्हा. आणखी दोन पावलांवर पुन्हा! असं मोजूनमापून कुणी धातू का पुरेल, हा प्रश्न तुम्हाआम्हाला पडला असता. त्याला मात्र ओळीने पुरलेले मोहरांचे हंडे दिसू लागले.

तळ्याचं पाणी शेतांना सोडणारा म्हातारा पाटकरी बांधातल्या मोरीपाशी बसला होता. त्याला सगळे तात्या म्हणत. तो ओरडला, "बाबा रे, बांधावर खणू नकोस. आत काय आहे ते मला ठाऊक नाही, पण ज्यांनी ठेवलं त्यांना ठाऊक होतं."

"नाही खणत, तात्या," नाणेवेडा म्हणाला. आणि तात्या जेवायला घरी जाताच त्याने पहार काढली.

पहिल्या खड्ड्यात दिसली एक लोखंडी कांब. दोन दगडांना धरून बसलेली, भोवती शिसं ओतलेलं. हंडा हिच्याखालीच असणार, असं म्हणून त्याने ती उपटली. मग दुसरी, मग तिसरी. पाचवी उपटली तेव्हा खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपू लागलं होतं. आणि त्याच्या गुडघ्याखालचा दगड किंचित हलला.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. या कांबींनीच बांधाचे दगड एकमेकांना धरून ठेवले होते.

त्याची पाचावर धारण बसली. त्याने कांबी परत कोंबल्या, माती लोटली, वरून पायाने दाबली. बांधाच्या बाहेरच्या अंगाला दोऱ्याएवढी धार लागली होती. ती पाहून त्याने तोंड फिरवलं. गावात सांगावं? लोक चामडी लोळवतील. "टिकेल उद्यापर्यंत," असं पुटपुटत तो घरी आला.

घरी बसला, पण बाहेर कुणी घागर ओतली तरी दचकायचा. दिवेलागणीला तो बायकोला म्हणाला, "पोरीला घे. आत्ताच्या आत्ता तुझ्या माहेरी जाऊ."

"आत्ता? तिकडे कुणाला बरं नाही का?"

"विचारू नकोस. चल."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत चिखल होता. "काय करून आलात ते सांगा. नाहीतर मी इथून हलणार नाही."

मग त्याने सांगितलं. "अहो, अख्खं गाव खाली ठेवून आपण तिघंच निघालो होतो?" पोरीला कडेवर घेऊन ती दारोदार धावली. "टेकडीवर चला! बांध फुटतोय!"

तात्यांनी ते ऐकलं आणि तिच्या मागोमाग आलेल्या नाणेवेड्याचा दंड धरला. "दुपारीच का नाही बोललास रे? मोरी उघडून तळं निम्मं रिकामं केलं असतं!" एवढं बोलून म्हातारा बांधाकडे पळाला. आता मोरी उघडली तर निदान पाण्याचा जोर थोडा कमी होणार होता, लोकांना टेकडी गाठायला वेळ मिळणार होता.

लोक धापा टाकत चढत होते, तेव्हा मोरीच्या पाण्याचा आवाज येत होता. शेवटचा माणूस वर पोचला आणि मोठा धडाका झाला. जमीन हादरली. खाली गावातले दिवे एकामागून एक विझत गेले. टेकडीवर जो तो आपल्या माणसांना हाका मारत होता. प्रत्येक हाकेला कुणीतरी ओ दिली. फक्त तात्यांच्या बायकोच्या हाकेला कुणी ओ देईना.

नाणेवेडा सगळ्यांपुढे जाऊन उभा राहिला. "मारा मला," तो म्हणाला. कुणी हात उचलला नाही. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. म्हातारी तेवढी अंधारात बांधाकडे तोंड करून हाका मारतच राहिली.

तात्पर्य एवढंच: हातून चूक झाली तर त्याच घडीला सांगावी. उशिरा सांगितलेल्या चुकीची शिक्षा भलत्यालाच होते.