बारमाही शाळेचं धान्य

फार जुनी गोष्ट. माळावरच्या पिल्लांची शाळा तेव्हा टिटवीबाई चालवायच्या. उन्हाळ्यात पाणी आटलं की शाळेला सुट्टी लागे आणि पिल्लं आयांबरोबर लांबच्या डोहावर जात.

एकदा राजाचा कारभारी तरस आला. म्हणाला, "जी शाळा बारा महिने चालेल, तिला सरकारी कोठारातून धान्य! यंदा उन्हाळ्यात पिल्लं इथेच ठेवा."

हरणी हरखली. "घ्या की, बाई! लेकरांची पायपीट वाचेल."

"पण शिकवायचं काय?" टिटवीबाईंनी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," तरस म्हणाला. "शाळा कुठे भरणार आणि आया डोहावरून कधी परतणार, तेवढं सांगा."

टिटवीबाईंना हे खटकलं. टिटवी अंड्यांपाशी कधी ओरडत नाही. लांब जाऊन ओरडते, म्हणजे चोर तिकडे धावतो.

"ओढ्यापलीकडच्या घळीत भरेल," त्या म्हणाल्या. "आया दिवस मावळता येतील."

ठरल्या दिवशी भर दुपारी त्यांनी हरणीला टेकडीवरून घळ दाखवली. तरस आला होता, सोबत चार भाऊबंद होते. धान्याचं पोतं मात्र कुणाच्याच पाठीवर नव्हतं.

हरणीने पाडसाला पोटाशी ओढलं. "बाई," ती हळूच म्हणाली, "सुट्टी आजच द्या."