सेनापतीची अब्दागिरी

एका सेनापतीच्या पदरी सटवाजी नावाचा एक माणूस होता. त्याचं काम एकच. सेनापती गंभीरराव जातील तिथं त्यांच्या डोक्यावर अब्दागिरी धरायची. उंच काठी, तिच्यावर लालभडक मखमल, भोवती जरीची झालर. अब्दागिरी म्हणजे सेनापतीचा मान! ती क्षणभर जरी खाली आली, तर धरणाऱ्याचं डोकं उडवायचं, असा हुकूमच होता.

त्या वर्षी घाटातली मोहीम पार फसली. समोरच्या डोंगरावर शत्रूच्या तोफा, आणि अलीकडे करवंदीच्या जाळ्यांत लपलेली आपली ठाणी. माणसं अर्धपोटी, बंदुकीची दारू भिजलेली. त्यांना धीर द्यायला म्हणून गंभीरराव सरदारांना घेऊन एकेका ठाण्यावर जाऊ लागले.

पहिल्या ठाण्याला भेट झाली. दुसऱ्याच दिवशी तोफेचे गोळे नेमके तिथं पडले. एकही माणूस वाचला नाही.

"फितुरी! दुसरं काय?" गंभीरराव म्हणाले. सरदारांनी लगेच माना डोलावल्या.

सटवाजीनं सहज वर पाहिलं आणि त्याला सारं उमगलं. एवढ्या हिरव्या रानात लाल रंग एकच होता, आणि तो त्याच्या हातात होता. पण सांगायचं कोणाला? तोंड उघडलं तर डोकं जाणार. घरी दोन लेकरं. तो गप्प बसला. दुसऱ्या ठाण्याला भेट झाली, आणि तेही दुसऱ्या दिवशी गेलं.

मग तिसरं ठाणं आलं. जाळीत चाळीस माणसं दबून बसली होती. त्यांचा म्हातारा नाईक लुमाजी सरपटतच पुढं आला.

"सरकार, पाया पडतो. उभे राहू नका."

"मला बसायला सांगतोस? सेनापतीला?" गंभीरराव कडाडले.

लुमाजी मागं सरकला. चाळीसही माणसं नुसती वर बघत होती, अब्दागिरीकडे.

डोळे मिटून सटवाजीनं काठी आडवी केली आणि अब्दागिरी जमिनीवर ठेवली.

सरदारांनी तलवारी उपसल्या.

"मारा सरकार, पण आधी ऐका," सटवाजी रडत म्हणाला. "फितूर कोणी नाही. ही लाल अब्दागिरी समोरच्या डोंगरावरून दिसते. ती घेऊन आपण जिथं उभे राहतो, तिथं शत्रू रात्रीत तोफा रोखतो आणि दुसऱ्या दिवशी गोळे पडतात."

गंभीररावांनी समोरच्या डोंगराकडे पाहिलं आणि ते मटकन मातीत बसले. ठाणं ताबडतोब हलवायचा हुकूम त्यांनी दिला. मग विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"पहिलं ठाणं गेलं तेव्हाच."

"अरे, मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमची भीती वाटली, सरकार."

दुसऱ्या ठाण्यावरची माणसं एकाच्या मानापायी आणि दुसऱ्याच्या भीतीपायी गेली होती.

तात्पर्य: खरं सांगायला माणसं भितील, एवढा धाक वरिष्ठानं ठेवू नये, आणि आपल्या गप्प बसण्यानं दुसऱ्याचा जीव जाणार असेल, तर भीती वाटली तरी बोलावं.