उंबजाईच्या खिंडीतलं कोरडं चाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आवळसरीच्या पठारावर जायला तेव्हा धड रस्ता नव्हता, आणि जो होता त्याला रस्ता म्हणणं ही निव्वळ थट्टा होती. दवाखाना घाटाखालच्या बाजारगावात. वर कुणी आजारी पडलं की झोळीत घालून चालत न्यायचं, आणि खाली पोचेपर्यंत जीव तगला तर तगला. अशात गावात एक गाडी आली. जुनी पिकअप, पण चारही चाकांनी ओढणारी, त्यामुळे चिखल असो की दगड, घाट चढायचीच. ती दुरुस्त करायचा बाबालाल मुलाणी, ज्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, आणि चालवायचा त्याचा धाकटा भाऊ दस्तगीर. आईबाप लवकर गेलेले. बाबालालनेच त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, लग्न करून दिलं, आणि एवढं करूनही तो घाटातून परत येईपर्यंत याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

बाबालालच्या हाताची काय गोष्ट सांगावी. इंजिनावर नुसता तळवा ठेवला तरी आत कुठे दुखतंय ते त्याला कळायचं, असं म्हणतात. बंद पडलेली गाडी त्याच्या पावलांच्या आवाजाने चालू व्हायची, असंही म्हणतात. आता लोक काय, म्हणायला लागले की थांबत नाहीत. पण हात चांगला होता हे खरं.

घाट संपतो तिथे खिंड आहे आणि खिंडीत उंबजाईचा सपाट दगड. देवीला दुसरी मूर्ती नाही, तो दगडच देवी. जाता-येता त्याच्यावर थेंबभर तेल घालायचं, अशी गावाची रीत. गाडी घाट चढून आली की तिथे थांबायची, माणसं उतरून पाया पडायची. एका पावसाळ्यात लोकांच्या लक्षात आलं की गाडी थांबली की पुढच्या उजव्या चाकातून तेल ठिबकतं, आणि ठिबकतं ते बरोबर दगडावर. बाजारात ठिबकत नाही, दारात ठिबकत नाही, फक्त इथेच. झालं. देवीची पूजा करणारा शिरपा गुरव हात जोडून म्हणाला, "गाडीच देवीला तेल घालतेय." दुसऱ्या दिवसापासून बायका त्या चाकाला हळदकुंकू लावायला लागल्या.

बाबालाल गाडीखाली शिरला आणि त्याला खरी गोष्ट कळली. पुढच्या आसात तेल असतं. ते आतच राहावं म्हणून तिथे एक कडं बसवलेलं असतं, त्याला सील म्हणतात. ते सील झिजलं होतं. घाट चढताना तेल तापून पातळ व्हायचं आणि बाहेर यायचं, म्हणून खिंडीतच ठिबकायचं. बरं, दगडावर पडायचं ते थोडं. बाकीचं चाकाच्या आत ब्रेकला लागायचं, आणि तेल लागलेला ब्रेक धरत नाही. उजवं चाक धरलं नाही की गाडी डावीकडे खेचते. घाट उतरताना डावीकडे दरी आहे.

त्याने देवीपुढे गाव गोळा झालं असताना सांगितलं, "चाक खोलावं लागेल. नवं सील आता मिळत नाही, पण चामड्याचं कापून बसवतो. दोन-तीन दिवस गाडी बंद राहील."

"म्हणजे तेल बंद होणार?" शिरपाने विचारलं.

"व्हायलाच पाहिजे."

"देवीच्या तोंडचं काढून घेतोस? बाबालाल, जत्रेतला पहिला बोकड तुझ्या घरच्या हातानं पडतो. तुझ्या बापानं केलं, आज्यानं केलं. आणि तूच असं बोलावंस?"

बाबालालने तो विषय तिथेच सोडला. भीतीने सोडला असं कुणी समजू नये. त्याच्याही मनात पाल चुकचुकली, की समजा हे खरंच देवीचं असलं तर? हाताला एक कळत होतं आणि मनाला दुसरंच वाटत होतं, आणि त्या दिवशी त्याने मनाचं ऐकलं. मग तो काय करायचा, तर दर खेपेला चाक उघडून ब्रेक पुसायचा, धुवायचा, परत बसवायचा. सीलला हात लावायचा नाही. दस्तगीर हसायचा. म्हणायचा, "भाई, उगाच जिवाला घोर लावून घेताय. पाय कधी आणि किती द्यायचा ते मला कळतं." बाबालालला तेवढंच ऐकायचं होतं. त्याने ते ऐकलं आणि बरं वाटून घेतलं.

श्रावणात शिरपाची लेक सगुणा बाळंतपणाला अडली. भर दुपार होती, पण धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. गाडी त्याच वेळी घाट चढून आली होती. ब्रेक पुसायला वेळ कुठला? सगुणाला मागे गोधड्यांवर निजवलं, शिरपा तिच्या उशाशी बसला, आणि दस्तगीरने गाडी फिरवली. बाबालाल मागे धावला. "थांब, एकदा चाक बघू दे," तो ओरडला. पण शिरपा मागून म्हणाला, "देवी आहे बरोबर. चल तू." गाडी धुक्यात गेली.

अर्ध्या घाटात जे व्हायचं ते झालं. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे, दरीकडे. सोडला की सुसाट. एका वळणावर दस्तगीरने काय ठरवलं कोण जाणे. त्याने हातातलं स्टिअरिंग उजवीकडे पिळलं आणि ज्या बाजूला तो स्वतः बसला होता ती बाजू कड्यावर घातली. गाडी थांबली. सगुणा तिथेच, त्या गोधड्यांवर बाळंत झाली. आई वाचली, पोर वाचलं, शिरपाला खरचटलंसुद्धा नाही. दस्तगीर गेला. बाळाचं पहिलं रडणं खिंडीपर्यंत ऐकू आलं आणि तिथवर धावत आलेल्या बाबालालला ते ऐकूनच सगळं कळलं, असं म्हणतात.

दफन झाल्यावर गावाने दोर लावून गाडी वर ओढली. बाबालालने चाक खोलायला घेतलं. आता त्याला कुणी अडवलं नाही. पण चामडं कुठलं घ्यावं ते त्याला सुचेना. जत्रेच्या बोकडाचं कातडं शिरपाने आणून दिलं, ते त्याने बाजूला ठेवलं. तेव्हा दस्तगीरची बायको हमीदा बाहेर आली आणि नवऱ्याच्या वहाणा तिने समोर ठेवल्या.

"भाई, तुम्हाला ठाऊक होतं ना?" तिने विचारलं.

"होतं."

"मग ह्या घ्या."

ती आत गेली. याहून जास्त ती कधी बोलली नाही, आणि बाबालालला वाटायचं की तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने त्या वहाणेचा तळ सोलून पातळ केला, गोल कापला, तेलात भिजवून मऊ केला आणि झिजलेल्या सीलच्या जागी बसवला. रडत होता आणि काम करत होता. काम मात्र चुकलं नाही. त्यानंतर त्या चाकातून तेलाचा थेंब कधी गळला नाही. गाडी ओढ्यातून गेली, चिखलात आसापर्यंत रुतली, तरी नाही. गाडीचा पत्रा सडला, इंजिन दोनदा बदललं. शेवटी गाडी भंगारात काढताना चाक खोललं, तर आतलं चामडं मऊसूत होतं. नुकतीच कुणी वहाण काढून ठेवावी तसं ऊबदार लागलं, असं म्हणतात.

शिरपाने उंबजाईचा दगड राखेने घासून कोरडा केला आणि पुन्हा कुणाला त्यावर तेल घालू दिलं नाही. देवी कोपेल म्हणून लोक घाबरले. "कोपायचं ते कोपून झालं," एवढंच तो म्हणाला.

बाबालाल पुढे रोज खिंडीत जाऊन बसायचा. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी थांबवायचा, वाकून पुढच्या चाकांच्या आत हात फिरवायचा, मगच सोडायचा. म्हातारा झाला, डोळे गेले, तरी जायचा. एका धुक्याच्या दिवशी तो खिंडीत गेला तो परत आलाच नाही, असं म्हणतात. कुणी म्हणतं, कसला हो, खोकल्याने घरीच गेला. काही असो.

आता घाटात डांबरी रस्ता आहे आणि गाड्याही नव्या आहेत. तरी आवळसरीचा चालक खिंडीत गाडी थांबवतो, मागे आजारी माणूस असलं तरी थांबवतो. खाली उतरून चाकाच्या आत हात घालतो, बोटं बघतो आणि धुक्याकडे तोंड करून मोठ्याने सांगतो, "मिस्त्री, कोरडं आहे." मग तो जरा वेळ उभा राहतो. उत्तर येत नाही हे त्याला ठाऊक असतं. तरीही बाबालालला तेव्हा जेवढा वेळ कुणी दिला नाही, तेवढा देऊनच तो गाडी खाली घालतो.